पावसावर जगणारी दलदल आणि ती लोकांना दाखवायची रीत

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटातल्या बॉगवर लोकांना फिरवणारा चांगला मार्गदर्शक पहिल्या थांब्यावर एकाही झाडाचं नाव सांगत नाही. पायवाटेच्या कडेला यासाठीच राखून ठेवलेल्या कोपऱ्यातून तो मूठभर शेवाळ उचलतो आणि सगळ्यांसमोर पिळतो. अंघोळीचा पंचा पिळावा तसं पाणी गळतं, खाली धरलेला कप निम्मा भरतो. मूठ उघडली की चेपलेलं शेवाळ हळूहळू पुन्हा फुगायला लागतं. मग तो विचारतो, हे पाणी आलं कुठून? कुणी म्हणतं नदीतून, कुणी म्हणतं जमिनीखालून. खरं उत्तर एका शब्दाचं आहे: आभाळातून. बॉग म्हणजे फक्त पाऊस आणि बर्फ यांच्यावर जगणारी दलदल.

हा धागा एकदा हाती लागला की पुढचं सगळं त्यात ओवता येतं. किडे खाणारी झाडं, मनगटाएवढ्या खोडाचे शंभर वर्षांचे वृक्ष, कोऱ्या चहासारखं पाणी, चार पावलांवर बदलणारी वनस्पती. धागा न देता नावांची यादीच वाचत सुटलं, तर दीड तासाच्या फेरीत चाळीस नावं कानावर पडतात आणि घरी पोहोचेपर्यंत चाळीसच्या चाळीस विसरली जातात. बॉगवरचे निसर्गशिक्षणाचे कार्यक्रम फसतात ते बहुतेक याच कारणाने.

दलदल म्हटली तरी पाणी निराळं

मराठीत दलदल म्हटलं की त्यात खाडीकाठचं खाजण येतं, तळ्याच्या कडेचा चिखल येतो, भातखाचराशेजारची पाणथळही येते. उत्तरेकडच्या थंड मुलखात मात्र पाणी कुठून येतं यावरून दलदलीची जात ठरते. जमिनीखालून झिरपणारं पाणी खडकामातीतली खनिजं सोबत आणतं. त्यावर पोसलेल्या दलदलीला तिथे फेन म्हणतात. बॉगमध्ये मेलेल्या शेवाळाचा थर इतका जाड झालेला असतो की वरचा पृष्ठभाग उचलला जातो आणि भूजलाचा हात तिथवर पोहोचत नाही. पावसाच्या पाण्यात खनिजं जवळजवळ नसतातच. म्हणजे बॉगमधल्या झाडांना पाण्याची चैन आहे आणि अन्नाचा कायम दुष्काळ.

मेलेल्या त्या थराला पीट म्हणतात. बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्याला कोकोपीट माहीत असतं. नारळाच्या काथ्याच्या भुश्याला ते नाव पडलं तेच मुळी या पीटवरून. खरं पीट म्हणजे अर्धवट कुजून थांबलेली वनस्पती. पाणी भरलेलं, प्राणवायू नाही, आम्ल भरपूर आणि वर्षातले निम्मे महिने थंडीचे. कुजवणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंना यातलं काहीच मानवत नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे, देवराई म्हणून राखलेली. तिथेही मुळं पाण्यात असतात, पण त्या उष्ण हवेत पालापाचोळा भराभर कुजतो, म्हणून पुरुषभर खोल पीट साचत नाही. मिनेसोटात साचतं. जगाच्या जमिनीपैकी सुमारे 3 टक्के भागावर पीट आहे आणि तेवढ्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याहून जास्त कार्बन कोंडलेला आहे.

हे सगळं घडवणारा कारागीर म्हणजे स्फॅग्नम नावाचं शेवाळ. ऑर्किड लावणारे लोक ते पाकिटातून विकत आणतात. त्याला खरं मूळ नसतं. वरचं डोकं वाढत राहतं, खालचा देठ मरत जातो आणि तोच पीट होतो. त्याचं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली 40 पटीने मोठं करून पाहिलं की गुपित कळतं. पानाची जाडी एकाच पेशीची. हिरव्या, जिवंत पेशी बारीक दोऱ्यांसारख्या, आणि त्यांच्या जाळ्यामध्ये मोठाल्या रिकाम्या, मेलेल्या पेशी, त्यांना भोकं. या रिकाम्या पेशी म्हणजे पाण्याच्या घागरी. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या 15 ते 20 पट पाणी स्फॅग्नम धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापसाऐवजी ते वापरलं गेलं ते याच गुणामुळे.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. पावसातून येणारं तुटपुंजं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्फॅग्नम आपल्याकडे ओढून घेतं आणि बदल्यात पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडतं. पाणी आंबट होतं. दुसऱ्या झाडांना जगणं कठीण होतं आणि मोकळी जागा पुन्हा स्फॅग्नमला मिळते. आपल्या सोयीची जागा स्वतःच तयार करणारी वनस्पती म्हणून स्फॅग्नमकडे बघायला शिकवलं, की शेवाळ म्हणजे घसरडी हिरवी घाण ही समजूत आपोआप जाते.

आंबटपणा मोजताना हमखास होणारी चूक

शेतकऱ्यांना सामू हा शब्द ओळखीचा आहे: सामू म्हणजे पीएच, आकडा 7 च्या जितका खाली तितकं पाणी आंबट. बॉगवर सामू मोजणं हा मुलांसाठीचा सगळ्यात सोपा प्रयोग मानला जातो आणि सगळ्यात जास्त चुकतोही तोच. तीन पांढरे कप घ्यायचे: एकात विहिरीचं किंवा नळाचं पाणी, दुसऱ्यात साठवलेलं पावसाचं, तिसऱ्यात शेवाळ पिळून काढलेलं. अपेक्षा अशी की पहिलं 7 च्या आसपास, दुसरं साधारण 5.6, तिसरं 4 च्या जवळ, म्हणजे टोमॅटोच्या रसाइतकं आंबट.

प्रत्यक्षात साध्या, 1 ते 14 च्या पट्ट्या नेल्या तर तिसऱ्या कपात गोंधळ होतो. पाण्याचा चहासारखा रंग पट्टीच्या रंगात मिसळतो आणि 4 आहे की 5 हे कळत नाही. त्यात हे पाणी क्षारांनी इतकं गरीब असतं की पट्टी रंग बदलायला वेळ लावते. म्हणून 2.5 ते 4.5 अशा अरुंद टप्प्याच्या पट्ट्या घ्याव्यात, पाण्यात मिनिटभर राहू द्याव्यात आणि पांढऱ्या कागदावर ठेवून वाचाव्यात. सामू मोजणारं पेन वापरायचं तर त्याच सकाळी 7 आणि 4 च्या द्रावणांत जुळवून घ्यायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबायचं. पेन पाण्यात घातल्याबरोबर दिसलेला आकडा वहीत लिहिला की सगळा तक्ता वाया गेला. आणखी एक गोष्ट: शेवाळ पिळणारा हात साबणाने धुतला असेल तर तो साध्या पाण्याने नीट खळखळून घ्यावा. साबण अल्कधर्मी असतो, आणि इतक्या गरीब पाण्यात त्याचा अंशही आकडा बिघडवतो.

पाय न ठेवता दाखवायचं

बॉगची मोठी अडचण अशी की बघायला येणारा माणूसच त्याला जड होतो. स्फॅग्नमवर पडलेला एक पाय त्यातल्या पाण्याच्या घागरी चेपतो. त्या जागी खळगा होतो, पाणी साचतं, आणि ठसा कित्येक वर्षं दिसत राहतो. वीस जणांची एक तुकडी एकाच वाटेने गेली की चिखलाची पायवाट तयार. शिवाय तळ्यावर वाढत गेलेल्या बॉगमध्ये वरचा थर अक्षरशः पाण्यावर तरंगत असतो. एकाने उडी मारली की पाच पावलांवरची झाडं हलतात. बघायला गंमत वाटते, पण पाय खाली गेला तर बाहेर काढणं अवघड.

म्हणून उंच फळ्यांची पायवाट हीच तिथली शाळा. मिनेसोटात वॉस्किशजवळच्या बिग बॉग राज्य मनोरंजन क्षेत्रात अशी पायवाट एक मैल लांब आहे. कॅनडात ओटावाजवळच्या मेर ब्ल्यू बॉगमध्ये ती सुमारे 1.2 किलोमीटरची आहे. याउलट पेनसिल्व्हेनियातल्या टॅनर्सव्हिल क्रॅनबेरी बॉगमध्ये मार्गदर्शकाशिवाय आत जाताच येत नाही. नाजूक आणि लहान जागेसाठी ही कडक रीतच योग्य.

पायवाट बांधताना काय सांभाळावं लागतं, हे समजलं की चालणाऱ्याची नजरही बदलते. पीटमध्ये खांब रोवून उपयोग नाही, कारण खाली टेकायला घट्ट काही नसतं आणि थंडीत गोठणारं पाणी खांब दरवर्षी थोडा थोडा वर ढकलतं. मग एक तर खूप खोलवर, पीटखालच्या मातीपर्यंत जाणारे स्क्रूसारखे पोलादी खांब लावतात, नाही तर वजन पसरवणाऱ्या रुंद आडव्या ओंडक्यांवर किंवा तरंगत्या पिंपांवर फळ्या टाकतात. फळ्या दाट बसवल्या तर खालचं शेवाळ अंधारात मरतं. म्हणून काही ठिकाणी धातूची जाळी वापरतात. पण जाळीची किंवा फळ्यांची फट 13 मिलिमीटरपेक्षा मोठी असता कामा नये, नाही तर व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक आणि कुबडीचं टोक अडकतं. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे वाट किमान 91 सेंटिमीटर रुंद हवी, आणि ती दीड मीटरपेक्षा अरुंद असेल तर दर 61 मीटरला दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील अशी रुंद जागा हवी. हीच रुंद जागा तुकडीच्या थांब्यासाठी उत्तम. ती किडे पकडणाऱ्या घटपर्णीसमोर यावी याचा विचार आराखडा करतानाच केला तर निम्मं काम झालं.

तुकडी 10 ते 12 जणांची बरी. त्याहून मोठी झाली की रांग लांबते, मागच्यांना ऐकू जात नाही आणि सगळे एका बाजूला गर्दी करतात. तरंगत्या पायवाटेवर अशी गर्दी झाली की फळ्या खाली दबतात आणि पाणी बुटांवर येतं. अंतर किलोमीटरभर, वेळ दीड तास, थांबे पाच. सहावा थांबा घातला तर शेवटचे दोन घाईत उरकावे लागतात. पालथं झोपून फटीतून खाली पाहायला मुलांना आवडतं. त्यासाठी एका थांब्यावर दहा मिनिटं मोकळी ठेवावीत आणि त्या वेळात मार्गदर्शकाने बोलू नये.

घटपर्णीच्या पेल्यात

जास्तीत जास्त वेळ कुठे घालवायचा तर इथे. उत्तरेकडच्या बॉगमधली घटपर्णी म्हणजे सॅरासेनिया पर्प्युरिया, शेवाळात रुतलेल्या लालसर, रेषारेषांच्या पेल्यांचा गुच्छ. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या घटपर्णीसारखा तिच्या पेल्यावर बंद झाकणाचा आभास नसतो. पेला उघडा, पावसाने भरलेला. तोंडाशी मधासारखा गोड रस, खाली रोख केलेले राठ केस, त्याखाली गुळगुळीत भिंत. किडा घसरतो, केसांमुळे वर चढता येत नाही, बुडतो. येणाऱ्या किड्यांपैकी फारच थोडे असे अडकतात, बाकीचे रस चाटून निघून जातात. तरी झाडाला तेवढ्यावर भागवता येतं, कारण त्याला ऊर्जेसाठी किडे नको असतात, ती सूर्यप्रकाशातून मिळते. हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, जो पावसाच्या पाण्यात जेमतेमच असतो.

आता पेल्यात डोकावायचं. मार्गदर्शक प्लॅस्टिकच्या ड्रॉपरने 2 मिलिलिटर पाणी उचलतो आणि पांढऱ्या चमच्यात सोडतो. भिंगाखाली पांढुरक्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. या वायओमिया स्मिथी नावाच्या डासाच्या. हा डास आपली अंडी याच झाडाच्या पेल्यात घालतो, हिवाळ्यात अळ्या पेल्यातल्या बर्फात गोठून राहतात आणि वसंतात बर्फ वितळला की पुन्हा हलू लागतात. उत्तरेकडे या डासाची मादी माणसाला चावत नाही. एका पेल्यात मजले असतात: पृष्ठभागाशी एका माशीची जाडजूड अळी, मध्ये डासाच्या अळ्या, तळाशी गाळात चिलटाच्या अळ्या. वरची मोठे तुकडे फाडते, खालच्या त्याचा भुगा करतात, जिवाणू उरलेलं पाण्यात विरघळवतात, आणि झाड ते शोषून घेतं. पाचकरसाचं बरंचसं काम इथे भाडेकरू करतात. दाखवून झालं की ते 2 मिलिलिटर त्याच पेल्यात परत. दुसऱ्या पेल्यात नाही, आणि नळाचं पाणी घालून भरपाई तर मुळीच नाही.

शेजारीच दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा हे किडे पकडणारं झाड असतं, नाण्याएवढ्या गोल पानांचं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात गेलेल्यांना ड्रोसेराच्या दुसऱ्या जाती आणि निळी-जांभळी सीतेची आसवं आठवतील. सीतेची आसवं म्हणजे यूट्रिक्युलॅरिया, पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणारी, आणि तिचे भाऊबंद बॉगच्या डबक्यांतही आहेत. कास जांभ्या दगडाचं, मिनेसोटा पीटचं, हवामानात जमीनअस्मानाचा फरक. पण दोन्हीकडे पाणी साठतं आणि माती अन्नाला दरिद्री, म्हणून दोन्हीकडे झाडं किडे पकडतात. मिनेसोटात स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या मुलांना हा दुवा जरूर सांगावा. कास पाहिलेल्या आजीआजोबांना तर बॉग अर्धा ओळखीचा वाटतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे दवबिंदूच्या पानावर बोट लावणं, किंवा उत्साहाने बिस्किटाचा कण ठेवणं. बोट लावलं की केस वाकतात, थेंब पुसले जातात आणि झाडाची मेहनत फुकट जाते. बिस्किटावर बुरशी धरते आणि पान सडतं. पानावर आधीच चिकटलेलं चिलट शोधायला सांगावं, ते सापडतंच.

खाली किती वर्षं आहेत

पीटची खोली लोकांच्या मनात उतरवायला सोपा हिशेब आहे. पीट वर्षाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर चढतं. एक मिलिमीटर धरला तर शिवराज्याभिषेकापासूनच्या साडेतीनशे वर्षांत साचलं सुमारे 35 सेंटिमीटर. हातभरसुद्धा नाही. आणि उत्तर मिनेसोटातल्या बॉगमध्ये दोन-तीन मीटर पीट ही सामान्य गोष्ट.

नमुना काढायला अर्ध्या नळीसारखं, एका बाजूला फिरणारं पातं असलेलं हत्यार वापरतात. त्याची कुपी सहसा 50 सेंटिमीटरची. बंद अवस्थेत खाली ढकलायचं, मग दांडा अर्धा फिरवायचा, कुपी पीटचा तुकडा कापून आत घेते, मग सरळ वर ओढायचं. ढकलतानाच फिरवलं तर वरचं आणि खालचं पीट मिसळतं आणि नमुना निकामी होतो. नमुन्यात वरचं पीट फिकट तपकिरी, त्यात शेवाळाची पानं ओळखू येतात. खाली जावं तसं ते काळं, लोण्यासारखं होत जातं. मूठभर घेऊन दाबून पाहावं: वरच्यातून जवळपास स्वच्छ पाणी निघतं, खालचं बोटांच्या फटींतून गाळासारखं बाहेर येतं. लोकांच्या प्रत्येक तुकडीसाठी नवा नमुना काढू नये. एकदा काढलेला नमुना अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपात, प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला तर पूर्ण हंगाम पुरतो.

त्याच वाटेवर जुना चर असेल तर तो दाखवावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर मिनेसोटात दलदली कोरड्या करून शेती करण्यासाठी मैलोन् मैल चर खणले गेले. शेती बहुतेक ठिकाणी साधली नाही, चर मात्र अजून आहेत. चराजवळ पाण्याची पातळी उतरते, पीटला हवा लागते, थांबलेलं कुजणं सुरू होतं आणि जमीन खचते. याचा पुरावा झाडांत दिसतो. चरालगतचे ब्लॅक स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष उंच आणि जाड, आत शंभर मीटरवरचे त्याच जातीचे वृक्ष खुरटे. मुलांना मोजपट्टी द्यावी आणि पायवाटेवरून हाताशी येणाऱ्या दोन्हीकडच्या पाच-पाच खोडांचा घेर मोजायला सांगावा. जाड झाडं बघून लोकांना वाटतं की चर खणून चांगलंच झालं. तिथे थांबून हिशेब पुरा करावा लागतो: झाडांनी कमावलेला कार्बन आणि पीटने गमावलेला.

तापमान वाढल्यावर काय होईल याचा प्रयोगही याच राज्यात केला गेला. ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला मार्सेल प्रायोगिक वनात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि अमेरिकेचं वनखातं यांनी एका बॉगवर 12 मीटर व्यासाच्या, वरून उघड्या अशा दहा काचघरांसारख्या खोल्या उभारल्या. कुठे तापमान नैसर्गिक, कुठे 2.25, 4.5, 6.75 आणि 9 अंश सेल्सियसने जास्त; निम्म्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइडही वाढवलेला. पूर्ण परिसंस्था तापवणं 2015 मध्ये सुरू झालं. जास्त तापलेल्या खोल्यांत स्फॅग्नम मागे हटलं, झुडपं माजली आणि पीट साठवण्याऐवजी कार्बन सोडू लागलं. पहिल्या थांब्यावर पिळलेल्या त्या मूठभर शेवाळाकडे बोट दाखवून हे सांगितलं की नीट पोहोचतं.

हिवाळ्याची शाळा

मिनेसोटातल्या डुलुथ शहराच्या वायव्येला पसरलेला सॅक्स-झिम बॉग 300 चौरस मैलांहून मोठा आहे. सॅक्स आणि झिम ही तिथल्या दोन जुन्या रेल्वेथांब्यांची नावं. हिमयुगातल्या तळ्याच्या सपाट तळावर ब्लॅक स्प्रूस आणि टॅमरॅकचे बॉग, मध्ये गवताची कुरणं, ॲस्पनची राई, नद्या. मिनियापोलिसहून गाडीने तीनेक तास. फ्रेंड्स ऑफ सॅक्स-झिम बॉग ही संस्था तिथे जमिनी विकत घेऊन राखते आणि आऊल अव्हेन्यूवर स्वागतकेंद्र चालवते. ते डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत उघडं असतं. आत ऊब, स्वच्छतागृह, स्वयंसेवक, आणि कालपरवा कुठला पक्षी कुठे दिसला याचा फलक. फेब्रुवारीत मेडोलँड्स गावात पक्षी-महोत्सव भरतो आणि शाळेच्या पिवळ्या बसमधून लोकांना फिरवतात.

ओढा मुख्यतः ग्रेट ग्रे आऊलचा. सत्तर सेंटिमीटर उंचीचं घुबड, वजन जेमतेम किलो-सव्वा किलो, बाकी सगळी पिसं. तबकासारखा चेहरा आवाज गोळा करतो, आणि दोन फूट बर्फाखालून पळणारा व्होल उंदीर ते ऐकून पकडतं. 2004-05 च्या हिवाळ्यात उत्तरेकडे उंदीर कमी पडले तेव्हा मिनेसोटात पाच हजारांहून जास्त ग्रेट ग्रे आऊल मोजले गेले. एरवीच्या वर्षी एक दिसणंही नशीब. बघायची वेळ उजाडतानाचा आणि मावळतीचा तास. भर दुपारी रस्ते पालथे घालून हाती काही येत नाही.

नवख्यांची फजिती बहुधा गाडीशी होते. कच्च्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी खोल चर असतात आणि बर्फ भरला की चर आणि रस्त्याची कड एकसारखीच दिसतात. घुबड दिसलं म्हणून गाडी बाजूला घेतली की चाक चरात. रस्त्याच्या मध्येच थांबलं तर मागून लाकडाचा ट्रक येतो. म्हणून रस्ता सरळ आणि लांबवर दिसतो अशा जागी, कडेच्या टणक भागावर, सगळी चाकं रस्त्यावरच ठेवून थांबायचं. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. उणे 30 अंशांत मोबाइलची बॅटरी मिनिटांत बसते, तो आतल्या खिशात ठेवावा. सुती मोजे आणि बनियन घालू नयेत. घाम शोषून ओलेच राहतात आणि अंग गार पडतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर आत, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं. बूट एक माप मोठा, कारण घट्ट बुटात हवेचा थर उरत नाही आणि बोटं आधी गोठतात.

फोटोसाठी घुबडापुढे पाळीव उंदीर सोडणं हा तिथला कळीचा वाद आहे, आणि तो करू नये हेच बरोबर. असं घुबड माणूस आणि गाडी दिसली की खाणं मिळणार असं शिकतं, रस्त्याजवळ घुटमळतं आणि गाडीखाली येतं. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणंही टाळावं; कडाक्याच्या थंडीत निष्फळ उडालेला प्रत्येक फेरा त्याच्या शिल्लक चरबीतून वजा होतो. माणसाकडे तो एकटक बघू लागला, अंग बारीक करून ताठ बसला, तर आपण जास्त जवळ गेलो आहोत. गाडीत बसून पाहिलं तर बहुतेक वेळा तो आपल्याला मोजतही नाही.

लहान पक्षी दाखवायला ॲडमिरल रोडसारख्या ठिकाणी खाण्याचे थांबे आहेत. झाडाच्या खोडाला पीनट बटर, तारेच्या पिंजऱ्यात चरबी, आणि हरणाच्या बरगड्यांचा सांगाडा टांगलेला. त्यावर बोरियल चिकाडी, सुतारपक्षी आणि कॅनडा जे येतात. कॅनडा जे एका जागी बसून खात नाही. तो घास तोंडात घोळवून चिकट लाळेने त्याची गोळी करतो आणि झाडाच्या सालीखाली चिकटवून ठेवतो. मुलांना सांगावं, एकच पक्षी निवडा आणि तो किती वेळा परत येतो ते दहा मिनिटं मोजा.

उन्हाळ्यात कार्यक्रमाचं रूप बदलतं. जून-जुलैत ऑर्किड आणि चतुर, अंगभर डास आणि गोचिड्या, म्हणून पँट मोज्यांत खोचलेली आणि कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवलेलं. एखाद्या दिवशी तज्ज्ञ आणि हौशी लोक मिळून दिसेल त्या प्रत्येक जीवाची नोंद करतात, त्याला बायोब्लिट्झ म्हणतात. मोबाइलवर नोंद करताना एका जीवाचे तीन फोटो हवेत: पूर्ण, जवळून, आणि पानाची मागची बाजू. लॅब्रॅडॉर टी हे झुडूप तर पान उलटल्याशिवाय नक्की ओळखता येत नाही. मागे गंजाच्या रंगाची मऊ लव असते.

हिवाळी हंगाम संपतो तो थांब्यांवरचं खाणं काढून. वसंताच्या चाहुलीने अस्वलं गुहेतून बाहेर पडू लागतात आणि चरबीचा, बरगड्यांचा वास त्यांना रस्त्याशी आणतो. त्यामुळे स्वयंसेवक मार्चच्या सुमारास सांगाडे, पिंजरे उतरवतात आणि खोडांवरचं पीनट बटर खरवडून टाकतात. कॅनडा जेचं त्यावाचून अडत नाही. त्या वेळी जमिनीवर अजून गुडघाभर बर्फ असतं आणि त्याची मादी स्प्रूसच्या दाट फांदीत अंड्यांवर बसलेली असते, आणि जोडी सालीखाली चिकटवलेल्या गोळ्यांवर भागवते.